व्यावसायिक लॅपटॉपचा सांगाडा: तो कुठे वाकतो आणि वाकल्याने काय बिघडते?

हिशेबवही_इंदूर

आमचे लेखापरीक्षणाचे लहानसे कार्यालय आहे आणि नव्या आर्थिक वर्षाआधी तिथले बहुतेक लॅपटॉप बदलायचे आहेत. प्रोसेसर, मेमरी, बॅटरी यांविषयी फारशी शंका नाही. शंका आहे ती सांगाड्याविषयी. आमच्याकडे आर्टिकलशिप करणारी मुले-मुली पीथमपूर आणि देवासच्या कारखान्यांत जातात, लॅपटॉप पाठीवरच्या बॅगेत घालून दुचाकीने किंवा बसने प्रवास करतात, आणि तिथे टेबल मिळेलच याची खात्री नसल्याने गोदामात, गेटवरच्या केबिनमध्ये, कधी मांडीवर ठेवून काम करतात. सध्याच्या यंत्रांपैकी अनेकांची बिजागरी उखडली आहे. ती एका नामांकित कंपनीच्या ‘व्यावसायिक’ मालिकेतली होती, पण मला तक्रार नोंदवायची नसून पुढची निवड कशी करावी हे समजून घ्यायचे आहे, म्हणून नाव देत नाही.

आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये काही नमुने हाताळून पाहिले. काहींचा कीबोर्ड मधोमध दाबला की खाली जातो, काहींचे झाकण दोन बोटांनी धरले की पिळवटते, तर अॅल्युमिनियमची काही यंत्रे दगडासारखी घट्ट लागतात. विक्रेत्यांचा भर लष्करी मानकाच्या शिक्क्यावर असतो. हाताला जाणवणाऱ्या या लवचीकतेला निवड करताना किती महत्त्व द्यावे आणि कोणत्या जागची लवचीकता खरोखर घातक असते, हे जाणकारांनी सांगावे अशी विनंती आहे.

साचाघर

मी पीथमपूर परिसरात बरीच वर्षे प्लॅस्टिकच्या साच्यांचे काम केले आहे, त्यामुळे आधी पदार्थांविषयी लिहितो. ताठपणा आणि बळकटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुकानात बोटाने दाबून आपण फक्त ताठपणा तपासतो. एखादे कवच सहज वाकते पण तुटत नाही, दुसरे अजिबात वाकत नाही पण एका आघातात तडकते. कार्यालयीन वापराला या दोन्हींचा योग्य मेळ लागतो.

ताठपणा मोजण्याचा यंगचा गुणांक अॅल्युमिनियमसाठी सुमारे ७० गिगापास्कल, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूंसाठी सुमारे ४५ आणि लॅपटॉपच्या कवचाला वापरतात त्या पॉलिकार्बोनेट-एबीएस प्लॅस्टिकसाठी जेमतेम सव्वादोनच्या आसपास असतो. म्हणजे प्लॅस्टिक अॅल्युमिनियमच्या तुलनेत तीसपट लवचीक आहे. पण पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट केली तर विरोध आठपट होतो. त्यामुळे अॅल्युमिनियमइतका ताठ भाग प्लॅस्टिकमध्ये करायचा तर जाडी तीसपट नव्हे, साधारण तिप्पट लागते. तिप्पट जाडी पातळ लॅपटॉपमध्ये बसत नाही, म्हणून आतल्या बाजूला उभ्या-आडव्या फासळ्या घालतात आणि प्लॅस्टिकमध्ये काचतंतू मिसळतात. यंत्र जसजसे पातळ होते तसतशी त्या फासळ्यांची उंची कमी होते, आणि आपल्याला जाणवणारी बरीचशी लवचीकता तिथून येते.

मॅग्नेशियमचा लाभही याच हिशेबात आहे. ते अॅल्युमिनियमपेक्षा कमी ताठ असले तरी त्याची घनता २.७ ऐवजी १.८ च्या आसपास आहे, त्यामुळे थोडे जाड ओतून तेवढाच ताठपणा सुमारे पाऊण वजनात मिळतो. शिवाय ते साच्यात ओतता येत असल्याने फासळ्या, स्क्रूचे खांब आणि बिजागरीची बैठक एकाच तुकड्यात तयार होते.

आणखी एक गोष्ट पिळाविषयी. मिठाईचा पुठ्ठ्याचा खोका झाकणाविना हातात धरला तर कोपऱ्यांतून सहज पिळला जातो, पण झाकण चारही बाजूंनी चिकटवले की तोच खोका एकदम ताठ होतो. लॅपटॉपचा खालचा भाग याच तत्त्वावर चालतो. तळाचे झाकण सर्व स्क्रूंनी घट्ट बसलेले असेल तर तो बंद खोका असतो. दोन-तीन स्क्रू गळाले असतील तर चांगल्या यंत्रालाही पीळ पडू लागतो.

दुरुस्ती_टेबल

साचाघर यांनी लिहिलेले माझ्या टेबलावर रोज दिसते. मी जेल रोडजवळ लॅपटॉप दुरुस्तीचे काम करतो. आमच्या धंद्यात कवचाचे चार भाग मानतात: झाकणाची बाहेरची बाजू म्हणजे ए पॅनल, स्क्रीनभोवतीची चौकट बी, कीबोर्ड आणि हात टेकण्याचा भाग सी, आणि तळ डी. कीबोर्ड मध्यभागी खाली जातो म्हणून माझ्याकडे कोणी यंत्र आणल्याचे आठवत नाही. बिजागरीपाशी ए किंवा सी पॅनल फुटल्याची यंत्रे मात्र सतत येतात.

त्याचे कारण असे आहे. बिजागरी स्वतः पोलादाची असते आणि ती सहसा तुटत नाही. स्वस्त बांधणीत ती ज्या स्क्रूंनी बसवलेली असते ते प्लॅस्टिकच्या छोट्या खांबांत गरम करून दाबलेल्या पितळी नटांमध्ये जातात. नव्या यंत्राची बिजागरी मुद्दाम घट्ट ठेवतात, म्हणजे स्क्रीन हव्या त्या कोनात थांबते. पुढे तिच्यातले ग्रीस वाळते, धूळ जाते, बिजागरी आणखी घट्ट होते, आणि झाकण उघडताना लागणारा सगळा जोर त्या पितळी नटांवर येतो. झाकण एका कोपऱ्याला धरून उघडण्याची सवय असेल तर दोन्ही बाजूंऐवजी एकाच बाजूचे नट तो जोर सोसतात. मग खांबाच्या बुडाशी केसासारखी बारीक भेग पडते, प्लॅस्टिक पांढुरके होते आणि एक दिवस नट प्लॅस्टिकचा तुकडा घेऊन बाहेर येतो. उघडल्यावर आत तो नट स्क्रूला लटकलेला दिसतो आणि त्याच्या अंगाला खांबाची साल तशीच चिकटलेली असते. अॅरल्डाइट भरून ते बसवता येते आणि काही महिने टिकतेही, पण बिजागरीचा घट्टपणा कमी केल्याशिवाय केलेली अशी दुरुस्ती पुन्हा उखडते.

हिशेबवही यांनी कवच दाबून पाहण्याआधी एवढे विचारावे, की बिजागरीचे स्क्रू प्लॅस्टिकमध्ये जातात की धातूच्या चौकटीत. माझ्या अनुभवात निम्मा निकाल या एका प्रश्नात लागतो.

महूकर

दुरुस्ती_टेबल यांच्याशी सहमत आहे, परंतु तळाचा पीळ इतक्या सहज सोडून देऊ नये. जुन्या थिंकपॅडचा दाखला देतो. १९९२ साली आयबीएमने ही मालिका आणली, २००५ मध्ये तो व्यवसाय लेनोव्होकडे गेला, आणि दणकटपणाची चर्चा निघाली की आजही लोक त्याच जुन्या यंत्रांचे नाव घेतात. तरीही २००३-०४ च्या सुमारास आलेल्या टी४० ते टी४२ या यंत्रांत एक दोष दुरुस्तीच्या क्षेत्रात सर्वांना ठाऊक होता. यंत्र पुढच्या एका कोपऱ्याला धरून उचलले की सांगाड्याबरोबर मदरबोर्डही वाकायचा, आणि ग्राफिक्स चिप बोर्डाला जोडणारे, तिच्या खालचे सोल्डरचे (डाख देण्याच्या धातूचे) मणी कालांतराने सुटायचे. मग कोपरा दाबला की चित्र यायचे, सोडला की जायचे. बाहेरून कवचाला ओरखडाही नसायचा.

पुढे २००६ च्या टी६० मध्ये मदरबोर्डाभोवती मॅग्नेशियमचा पिंजरा आला. शर्यतीच्या मोटारीत चालकाभोवती असतो तशा पिंजऱ्याचे नाव त्याला दिले होते. बाहेरचे कवच थोडे वाकले तरी ते वाकणे बोर्डापर्यंत पोहोचू नये, हा त्यामागचा विचार होता. माझ्या मते सांगाड्याविषयीचा हाच सर्वांत शहाणा विचार आहे. कवच किती वाकते यापेक्षा ते वाकणे कशावर जाऊन आदळते, हे पाहावे.

शोधार्थी_सिमरोल

महूकर काका, या सोल्डरबाबत एक प्रश्न आहे. युरोपात १ जुलै २००६ पासून शिशाचा वापर मर्यादित करणारा नियम लागू झाला आणि त्यानंतर जगभर बिनशिशाचे सोल्डर रूढ झाले. ते १८३ अंशांऐवजी सुमारे २१७ अंश सेल्सियसला वितळते आणि जास्त ठिसूळ असते असे वाचले आहे. चिपा सुटण्याचा दोष मुख्यतः त्यामुळे नाही का?

दुसरे असे की माझा अनुभव झाकणाचा आहे. मी वापरते ते यंत्र नूतनीकरण करून विकलेले आहे, त्याचे झाकण पातळ आहे, आणि गच्च भरलेल्या बॅगेतून वसतिगृह ते प्रयोगशाळा अशी ने-आण केल्यावर स्क्रीनवर पांढरट ठिपके उमटले. पांढऱ्या पानावर ते ठळक दिसतात. त्यामुळे झाकणाच्या लवचीकतेला मी तरी कमी लेखणार नाही.

महूकर

प्रश्न योग्य आहे. बिनशिशाचे सोल्डर झटक्याला आणि वाकण्याला कमी सहनशील असते हे खरे, आणि नंतरच्या यंत्रांत त्याचा वाटा नक्कीच होता. पण टी४० ते टी४२ ही यंत्रे तो नियम लागू होण्याआधीची आहेत. नरम, शिशाचे सोल्डरही सतत वाकवल्यावर तुटलेच. म्हणून पहिला दोष सांगाड्याचा धरावा, सोल्डरचा त्यानंतर. आता तर मेमरीही पुष्कळ यंत्रांत बोर्डावरच सोल्डर केलेली असते, तेव्हा बोर्ड वाकून एखादा मणी सुटला तर पूर्वीसारखी मेमरीची पट्टी बदलून काम भागत नाही.

ठिपक्यांविषयी माझा समज असा आहे की स्क्रीनच्या मागे प्रकाश पसरवणाऱ्या पातळ फिती असतात आणि झाकण दाबले जाऊन त्यांवर बिंदुवत भार आला की तिथे कायमची खूण राहते. दुरुस्ती_टेबल अधिक सांगू शकतील.

दुरुस्ती_टेबल

आपले म्हणणे बरोबर आहे. असे ठिपके बहुधा चार्जरच्या विटेसारख्या ठोकळ्याने पडतात. बॅगेच्या त्याच कप्प्यात चार्जर झाकणाला लागून ठेवलेला असतो आणि वरून पुस्तकांचा दाब येतो. चार्जर वेगळ्या कप्प्यात ठेवला आणि लॅपटॉपचा तळ बाहेरच्या बाजूला केला तर पातळ झाकणही पुष्कळ टिकते. तरी ताई म्हणतात ते मान्य आहे. बॅगेतून रोज फिरणाऱ्या यंत्राचे झाकण तपासूनच घ्यावे.

कंपन_चाचणी

लष्करी मानकाविषयी अजून कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. माझे काम वाहनांच्या सुट्या भागांच्या कंपन आणि आघात चाचण्यांचे आहे, त्यामुळे या मानकाशी माझा संबंध येतो. मिल-एसटीडी-८१० हे अमेरिकेच्या संरक्षण खात्याचे मानक १९६२ पासून आहे. त्याची ‘जी’ आवृत्ती २००८ ची आणि ‘एच’ आवृत्ती २०१९ ची. त्यात तापमान, आर्द्रता, धूळ, कंपन, आघात अशा अनेक चाचण्यांच्या पद्धती दिल्या आहेत. कोणत्या चाचण्या घ्यायच्या आणि किती तीव्रतेच्या, हे उपकरण कुठे वापरले जाणार आहे ते पाहून ठरवायचे असते. आपल्या आयएसआय चिन्हासाठी जसे भारतीय मानक ब्यूरो परवाना देते, तशी या मानकाचे प्रमाणपत्र देणारी संस्था नाही. उत्पादक चाचण्या निवडतो, स्वतः किंवा बाहेरच्या प्रयोगशाळेत करून घेतो, आणि शिक्का लावतो.

उंचावरून पाडण्याच्या चाचणीचे उदाहरण घ्या. माणूस हातात वाहून नेतो अशा उपकरणासाठी सुमारे १२२ सेंटिमीटरवरून २६ वेळा पाडण्याची पद्धत आहे: सहा बाजू, बारा कडा आणि आठ कोपरे. पण हे २६ आघात पाच नमुन्यांपर्यंत विभागण्याची मुभा आहे. म्हणजे प्रत्येक यंत्राने सगळे आघात सोसलेले असतीलच असे नाही. शिक्का खोटा आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. ज्या कंपन्या या चाचण्या गांभीर्याने करतात त्यांची यंत्रे त्यामुळे सुधारतातच. फक्त शिक्का पाहून न थांबता कोणत्या पद्धती वापरल्या आणि यंत्र त्या वेळी चालू होते की बंद, हे माहितीपत्रकात शोधावे. आणि झाकण वर्षानुवर्षे एका कोपऱ्याने उघडल्यावर बिजागरीचे काय होते, याचे उत्तर पाडण्याच्या चाचणीतून मिळत नाही. झाकण हजारो वेळा उघडण्या-मिटण्याच्या चाचण्या कंपन्या स्वतंत्रपणे करतात. त्यांचा आकडा दिला असेल तर आपल्यासारख्या ग्राहकाला तोच अधिक उपयोगी आहे.

हिशेबवही_इंदूर

सर्वांचे मनापासून आभार. दोन गोष्टी विचारतो. दुकानात, यंत्र न उघडता, बिजागरीची बैठक कशी ओळखावी? आणि मग सरळ अखंड अॅल्युमिनियमचे यंत्र घेणे हा सोपा मार्ग नाही का? आमच्या एका भागीदारांचे तसे ठाम मत आहे.

दुरुस्ती_टेबल

पहिल्या प्रश्नाचे उत्तर. झाकण निम्मे उघडा, मग त्याचा वरचा एकच कोपरा धरून अगदी सावकाश मागे-पुढे करा आणि त्या वेळी स्क्रीनकडे न पाहता बिजागरीजवळ सी आणि डी पॅनल जिथे मिळतात ती फट पाहा. फट नखभरही उघडत-मिटत असेल तर बिजागरी प्लॅस्टिकला ओढते आहे. नव्या यंत्रात असे दिसले तर ते घेऊ नका. त्यानंतर स्क्रीनवर पूर्ण पांढरे पान आणून झाकणाच्या मागून तळहाताने हलका दाब द्या. रंगांचे तरंग उमटले तर झाकणावरचा दाब थेट पॅनलपर्यंत जातो आहे. शेवटी यंत्र चालू ठेवून पुढच्या डाव्या आणि मग उजव्या कोपऱ्याला धरून उचला. करकर आवाज आला, टचपॅडचे बटण आपोआप दाबले गेले किंवा पंखा घासू लागला तर तळाला पीळ आहे.

याहून खात्रीचा मार्ग घरबसल्या आहे. लेनोव्हो, डेल आणि एचपी या तिन्ही कंपन्या आपल्या व्यावसायिक यंत्रांच्या दुरुस्ती-पुस्तिका संकेतस्थळावर विनामूल्य ठेवतात. त्यांत प्रत्येक भाग कसा काढायचा याची चित्रे आणि स्क्रूंची मापे असतात. मॉडेलचे नाव टाकून पुस्तिका उतरवा, बिजागरी काढण्याचे पान उघडा आणि स्क्रू कोणत्या भागात जातात ते पाहा. बिजागरी स्वतंत्र सुटा भाग म्हणून मिळते की पूर्ण पॅनल घ्यावे लागते, हेही तिथेच समजते. मी ग्राहकांना सल्ला देण्याआधी तेच पान पाहतो.

साचाघर

दुसऱ्या प्रश्नावर लिहितो. अॅल्युमिनियमचा अखंड तुकडा कोरून केलेला सांगाडा, जो २००८ च्या मॅकबुकपासून सर्वांच्या परिचयाचा झाला, हातात फार आश्वासक वाटतो आणि पिळाला उत्तम विरोध करतो. पण तो कोपऱ्यावर पडला की धातूला पोचा येतो आणि तो पोचा तसाच राहतो. पोचा झाकणाच्या कडेला आला तर आत वळलेली कड स्क्रीनच्या काचेवर दाबून बसते. तेवढ्याच आघाताला चांगले प्लॅस्टिक दबते आणि पूर्ववत होते. मॅग्नेशियम वाकण्याऐवजी तडकण्याची शक्यता अधिक. कार्बन तंतूंचे झाकण, जसे २०१२ पासूनच्या एक्स१ कार्बनमध्ये आहे, वजनाच्या मानाने अतिशय ताठ असते, मात्र किंमतही तशीच. म्हणून तुमच्या भागीदारांना सांगा की आतून धातूची चौकट आणि बाहेरून काचतंतूमिश्रित प्लॅस्टिक ही बांधणी दिसायला साधी असली, तरी दुचाकीवर आणि गोदामात फिरणाऱ्या यंत्राला तीच अधिक मानवते. केवळ टेबलावर राहणारे यंत्र असेल तर अॅल्युमिनियम खुशाल घ्यावे.

शोधार्थी_सिमरोल

एक सावधगिरी मलाही सुचवावीशी वाटते, विशेषतः जे नूतनीकरण केलेली यंत्रे पाहत आहेत त्यांच्यासाठी. आमच्या विभागातल्या एका यंत्राचा हात टेकण्याचा भाग वर आला होता आणि टचपॅड दाबले जात नव्हते. सर्वांनी सांगाडा वाकला असे धरले. प्रत्यक्षात आतली बॅटरी फुगली होती. सपाट टेबलावर ठेवल्यावर यंत्र डुगडुगत असेल किंवा तळाची फट एकाच बाजूला रुंद दिसत असेल, तर आधी बॅटरीचा विचार करावा. असा उंचवटा दाबून बसवण्याचा प्रयत्न कोणी करू नये, चार्जिंग लगेच थांबवावे आणि जाणकाराकडून बॅटरी काढून घ्यावी. आपल्याकडे मे महिन्यात बंद मोटारीत किंवा दुचाकीच्या डिकीत यंत्र ठेवले जाते, आणि लिथियमच्या बॅटरीला उष्णता अजिबात मानवत नाही.

कंपन_चाचणी

अतिशय महत्त्वाचा मुद्दा. दुचाकीविषयी एवढी भर घालतो की यंत्र पायापाशी, स्कूटरच्या फळीवर ठेवू नये. तिथे रस्त्याचे धक्के थेट पोहोचतात. पाठीवरच्या बॅगेत शरीर त्यांतले बरेचसे शोषून घेते.

हिशेबवही_इंदूर

आमचे ठरले ते कळवतो. बाहेर फिरणाऱ्यांसाठी आतून मॅग्नेशियमची चौकट असलेली आणि बिजागरी त्याच चौकटीला जोडलेली यंत्रे घेत आहोत. पुस्तिकेतले पान पाहून दोन मॉडेल बाद केली, त्यांतल्या एकावर लष्करी मानकाचा शिक्का होता. कार्यालयात बसणाऱ्यांसाठी भागीदारांच्या पसंतीची अॅल्युमिनियमची यंत्रे येतील. चार्जरसाठी वेगळा कप्पा असलेल्या बॅगा मागवल्या आहेत. विक्रेत्याने एका नमुन्याचे डी पॅनल माझ्यासमोर उघडून दाखवण्याचे मान्य केले आहे. त्या वेळी आणखी काय पाहावे?

दुरुस्ती_टेबल

पितळी नट कुठे कुठे आहेत ते पाहा, आणि बिजागरीच्या स्क्रूंभोवती धातूची पट्टी किती दूरवर पसरली आहे तेही. मोठ्या चिपांच्या चारही बाजूंना बोर्ड स्क्रूने धरलेला असेल तर चांगले. आणि पॅनल परत लावताना स्वतः तिथे उभे राहा. तळाचे स्क्रू सगळे एकाच लांबीचे नसतात. लांब स्क्रू आखूड जागी पिळला गेला तर तो वरचे सी पॅनल आतून ढकलतो, तिथे पुळीसारखा उंचवटा येतो, आणि कधी बोर्डावरच्या मार्गिकाही, म्हणजे वीज वाहणाऱ्या तांब्याच्या बारीक रेषा, कापल्या जातात. मी कागदावर तळाची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवतो. विक्रेत्यालाही तसे करायला सांगा, आणि सगळे स्क्रू बसल्यावर एकही उरला नाही ना, हे पाहूनच यंत्र ताब्यात घ्या.